फणसाच्या खांबातला वाडगा

कोकणातलं जुनं घर उतरवलं की सागाच्या तुळयांना लगेच गिऱ्हाईक मिळतं. फणसाचे खांब मात्र ‘कधीतरी लागतील’ म्हणून पडवीत पडून राहतात. तसाच एक खांब आमच्याकडे होता. बाहेरचा कोवळा थर वाळवीने खाल्लेला, गाभा शाबूत. पण नारेपासून सालीपर्यंत उभी चीर गेलेली. चीर नसती तर मी त्याला करवत लावली नसती. वाडगा कोरताना बहुतेक लाकडाचा भुसाच होतो. भार पेलू शकणाऱ्या खांबाने आणखी एक छप्पर पेलावं, हेच योग्य.

ती चीर का पडते, हे कळलं की वाडग्याचं अर्धं काम कळतं. लाकूड वाळताना वर्षावलयांच्या दिशेने जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच नारेपासून सालीकडे आकसतं. अखंड खांबाला हा ताण सोसत नाही, तो फाटतो. ओल्या लाकडाचा गोल वाडगाही याच कारणाने वाळल्यावर लंबगोल होतो. म्हणून कातारी तो आधी जाड कातून ठेवतात, भिंत व्यासाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढी, आणि कित्येक महिन्यांनी पुन्हा लेथवर चढवतात.

जुन्या लाकडाला एवढी वाट पाहावी लागत नाही. तरी ते निवांत झालं, असं मी मानत नाही. हवेतली ओल घेणं आणि सोडणं शंभर वर्षांनीही थांबत नाही. शिवाय गाभा कोरला की आत दबलेले ताण सुटतात. आषाढातली कोकणची हवा आणि चैत्रातली पुण्याची हवा यांत केवढा फरक! वाडगा पुण्याच्या घरात राहणार होता, म्हणून जाडसर कातून काही आठवडे तिथेच ठेवला आणि मगच शेवटचा हात फिरवला.

कातायला घेण्याआधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधले होते. लेथवर फिरत्या लाकडात खिळा राहिला तर हत्याराची धार जातेच, हातालाही धोका असतो. मग काळपट कातडी निघाली आणि खालून हळदीसारखा पिवळा रंग उमटला. याच गाभ्याच्या रंगात आग्नेय आशियातले बौद्ध भिक्खू चीवरं रंगवत आले आहेत. उजेडात हा पिवळेपणा उतरून लाकूड तपकिरी होतं. तो टिकवायला वर वार्निशचा थर द्यावा, असं मला वाटत नाही. फणसाचं लाकूड वयाने गडद होतं, आणि ते तसंच शोभतं.

तेल कोणतं, यावर घरोघरी खोबरेलच सुचवलं जातं. ते वाळत नाही, पुढे खवट होतं. मी खाण्याचं जवसाचं तेल लावतो. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. हात पातळ द्यायचा, तो पुरता वाळू द्यायचा, मगच दुसरा. पुसलेली फडकी चुरगाळून ठेवली तर आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून ती उघड्यावर पसरून वाळवावीत.