कुणाच्या मरणाची वाट पाहावी का?



युरोपातील खेडोपाडी एक जुनी समजूत होती. ज्या बाळाच्या कपाळाचा मुका घेतल्यावर ओठांना खारट चव लागते, ते बाळ फार दिवस जगत नाही, असे म्हणत. आयांच्या लक्षात आलेली ही गोष्ट डॉक्टरांना उलगडायला विसावे शतक उजाडावे लागले. १९३८ साली न्यू यॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन यांनी या आजाराचे सविस्तर वर्णन केले. त्याचे नाव सिस्टिक फायब्रोसिस.

शरीरातील पेशींमधून मीठ-पाण्याची जी ये-जा व्हायला हवी, ती या आजारात नीट होत नाही. घाम खारट होतो आणि छातीतला कफ डिंकासारखा चिकट बनतो. त्यात जंतू घर करतात. फुफ्फुसे हळूहळू निकामी होत जातात. स्वादुपिंडाच्या नळ्याही बुजतात, म्हणून प्रत्येक जेवणाबरोबर पाचक कॅप्सूल घ्याव्या लागतात. रोज सकाळ-संध्याकाळ पाठ आणि छाती थोपटून कफ मोकळा करावा लागतो. आईवडील दोघेही धडधाकट असतात, पण दोघांच्याही रक्तात एक दोष लपलेला असतो आणि प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. तो जनुक १९८९ साली सापडला. गोऱ्या लोकांचा आजार म्हणून आपल्याकडे त्याकडे दुर्लक्ष झाले. वारंवार होणारा न्यूमोनिया किंवा क्षय समजून कितीतरी मुलांवर भलतेच उपचार होत राहिले. आणखी एक क्रूर गोष्ट म्हणजे या आजाराच्या दोन रुग्णांनी एकमेकांजवळ बसायचे नाही. एकाच्या छातीतले जंतू दुसऱ्याला घातक ठरतात. आपले दुःख ज्याला सर्वांत चांगले कळेल, त्याच्यापासूनच सहा फूट दूर राहायचे!

फुफ्फुसे पार थकली की एकच मार्ग उरतो, तो म्हणजे प्रत्यारोपण. नव्या फुफ्फुसांत हा आजार शिरत नाही, कारण त्यांच्या पेशी दात्याच्या असतात. पण बाकीचे शरीर आजारीच राहते. शरीराने परके फुफ्फुस नाकारू नये म्हणून जन्मभर औषधे घ्यावी लागतात. इतके करूनही पाच वर्षांनंतर निम्म्याहून थोडेच अधिक रुग्ण हयात असतात.

आणि इथेच तो प्रश्न उभा राहतो. मूत्रपिंड जिवंत माणूस देऊ शकतो. दोन्ही फुफ्फुसे मात्र कुणीतरी मेल्याशिवाय मिळत नाहीत. मग यादीत नाव घालून फोनची वाट पाहणे म्हणजे कुणाच्या मरणाची वाट पाहणेच नव्हे काय? एखादी आई आपल्या लेकरासाठी फुफ्फुसे मागते, तेव्हा ती दुसऱ्या आईचे लेकरू मागते काय?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला संत थॉमस अक्वायनस यांचा एक भेद शिकवला गेला. एखादी गोष्ट घडेल हे ठाऊक असणे वेगळे आणि ती घडावी अशी इच्छा धरणे वेगळे. या प्रश्नाला तो लावून पाहता येतो. समजा, अतिदक्षता विभागात असलेला तो जखमी तरुण अचानक डोळे उघडून बोलू लागला. ज्याची संधी हुकली, त्या रुग्णाला याचा आनंद होईल का? हिरमुसला तरी मनापासून ‘बरे झाले, वाचला’ असे तो म्हणू शकत असेल, तर त्याने कुणाचे मरण इच्छिलेले नाही. अपघात त्याच्या इच्छेने घडत नाही. त्याची इच्छा सुरू होते ती मरण घडून गेल्यानंतर. खरे सांगायचे तर, मरणाची वाट पाहणे पाहायचे असेल तर इस्पितळात जायची गरज नाही. आजोबा आत खोकत असतानाच वाडी कुणाच्या नावावर होणार याची कुजबुज ओटीवर चालते, तिथे ते जास्त दिसते.

तरीही हा भेद मनाची सगळी बोच काढून टाकतो, असे आम्ही म्हणणार नाही. फोन वाजतो तेव्हा एका घरात आनंदाश्रू असतात आणि त्याच घटकेला दुसऱ्या घरात आक्रोश असतो. हे ज्याला टोचत नाही, त्याचीच आम्हांला जास्त काळजी वाटेल.

दुसरी शंका आपले बरेच लोक दबक्या आवाजात विचारतात. हृदय धडधडत असताना तो माणूस खरोखर मेलेला असतो का? हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. १९६८ साली हार्वर्डच्या समितीने मेंदूमृत्यूची कल्पना मांडली, तेव्हा हान्स योनास या तत्त्ववेत्त्याने तिला कडाडून विरोध केला होता. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २९ ऑगस्ट २००० रोजी रोममध्ये प्रत्यारोपणतज्ज्ञांच्या परिषदेत याचे उत्तर दिले. मेंदूचे सर्व कार्य पूर्णपणे आणि कायमचे थांबल्याची काटेकोर खात्री केली असेल, तर पुढे जाण्यास आवश्यक ती नैतिक निश्चितता मिळते, असे त्यांनी सांगितले. काही कॅथलिक विचारवंतांचे आजही समाधान झालेले नाही, हेही आपण जाणून असावे. आपल्या देशाच्या १९९४ च्या कायद्यानुसार चार डॉक्टरांच्या मंडळाने निदान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करायची असते आणि प्रत्यारोपण करणारे डॉक्टर त्या मंडळात असता कामा नयेत. ही अट आम्हांला फार मोलाची वाटते. ज्याला अवयव हवा आहे, त्याने मृत्यू ठरवू नये.

आता एका मुलीविषयी सांगतो. क्लेअर वाइनलँड ही १९९७ साली अमेरिकेत हा आजार घेऊन जन्मली. तेराव्या वर्षी ती सोळा दिवस बेशुद्धीत होती. त्यातून उठल्यावर तिने अशा रुग्णांच्या कुटुंबांना मदत करणारी संस्था काढली. ठिकठिकाणी जाऊन ती भाषणे द्यायची आणि ‘बिचारी’ म्हणणाऱ्यांना हसून गप्प करायची. प्रत्यारोपण नको, असे ती अनेक वर्षे म्हणत होती. पुढे तिचा विचार बदलला आणि २६ ऑगस्ट २०१८ रोजी तिला नवी फुफ्फुसे मिळाली. शस्त्रक्रियेनंतर रक्ताची गुठळी होऊन मेंदूला झटका आला आणि २ सप्टेंबरला ती वारली. वय वर्षे एकवीस. तिची दोन मूत्रपिंडे दोन रुग्णांना देण्यात आली.

ती आधी नको म्हणत होती, तेव्हा चुकत होती का? पुष्कळांना वाटते की उपचार नाकारणे म्हणजे जीव देणेच. ख्रिस्तसभा असे शिकवत नाही. पोप पायस बारावे यांनी १९५७ सालीच स्पष्ट केले होते की जीव टिकवण्यासाठी साधारण उपाय करणे आपल्यावर बंधनकारक आहे, अतिभार टाकणारे उपाय नाहीत. छाती फोडून परकी फुफ्फुसे घेणे आणि जन्मभर औषधांवर राहणे हे साधारण उपायांत कसे बसेल? म्हणून ‘नको’ म्हणणारा रुग्ण पापी नाही आणि ‘हवे’ म्हणणारा भित्रा नाही. नातेवाइकांनी उशाशी बसून वाद घालू नये, एवढी विनंती आम्ही करतो.

देणाऱ्याचेही तसेच. १९९३ साली अमेरिकेत या आजाराच्या रुग्णांसाठी एक वेगळी शस्त्रक्रिया सुरू झाली. दोन जिवंत दात्यांच्या फुफ्फुसाचा एकेक खालचा भाग काढून रुग्णाला बसवायचा. हे दाते बहुतेक वेळा आईवडीलच असत. केवढे मोठे मन! पण एखाद्या बापाला भीती वाटली तर? घरची आणखी लेकरे त्याच्या कमाईवर असतील तर? सगळे गाव त्याच्याकडे बघत असताना त्याचा होकार मोकळा राहतो का? ज्याला नकार देता येत नाही, त्याच्या होकाराला दान म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

घेणाऱ्याला आणखी एक ओझे असते. रेने फॉक्स आणि ज्युडिथ स्वेझी या दोन अभ्यासक बाईंनी त्याला दानाचा जुलूम म्हटले आहे. ज्याचे उतराई होणे शक्य नाही, असे ऋण घेऊन जगायचे. ज्याचे आभार मानायचे, तो उरलेला नाही. आपण तर लग्नाच्या आहेराचीही वहीत नोंद ठेवतो, पुढे तेवढाच परत करायला. या आहेराची परतफेड कुणाकडे करणार? क्लेअरने केली ती तिसऱ्याकडेच, आणि तीही ठरवून फेडायला बसली नव्हती.

तिच्या मृत्यूला जेमतेम वर्ष उलटल्यावर, ऑक्टोबर २०१९ मध्ये, या आजारावर तीन औषधे एकत्र असलेली नवी गोळी अमेरिकेत मान्य झाली. तिकडे तिच्यामुळे पुष्कळ रुग्णांची नावे प्रत्यारोपणाच्या यादीवर जातच नाहीत. तिची किंमत वर्षाला तीन लाख डॉलरहून अधिक ठरली. आपल्याकडच्या घरांनी काय करायचे, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो डॉक्टरांपेक्षा सरकारला आणि कंपनीला विचारायचा आहे.

राहता राहिली प्रार्थना. आपल्या माणसाला फुफ्फुसे मिळावीत म्हणून मिस्सा लावता येईल का, असे कुणी विचारले तर आम्ही हो म्हणू. हेतूच्या चिठ्ठीवर रुग्णाच्या नावाखाली आणखी एक ओळ लिहायला मात्र सांगू. ज्या घरातला माणूस जाणार आहे, त्या अनोळखी घरासाठी, आतापासूनच.