तळमजला

आमच्या इमारतीला तळमजला नाही. म्हणजे आहे, पण तिथे माणसं राहत नाहीत. अकरा मोटारी आणि तीस-पस्तीस स्कूटर राहतात. नकाशात त्याला 'स्टिल्ट' असं नाव आहे. आम्ही बोलताना 'खाली पार्किंगमध्ये' म्हणतो. पहिल्या मजल्यापासून घरं सुरू होतात आणि रस्त्यावरून येणाऱ्याला आधी बंपर दिसतात, मग लिफ्टचं दार.

याच जागेवर, पुण्याच्या नारायण पेठेत, आमचा वाडा होता. 'आमचा' हे सवयीने म्हणायचं. आम्ही भाडेकरू. आजोबा १९३८ साली दोन खोल्यांत राहायला आले ते अकरा रुपये महिना भाड्याने. त्या वाड्याचा तळमजला मला आजही पाठ आहे. रस्त्याला लागून ओटा, दगडी, मधोमध झिजून खोलगट झालेला. ओट्याच्या एका टोकाला छत्र्या आणि कुलपं दुरुस्त करणारे एक काका बसत. पावसाळ्यात छत्र्या, उरलेले आठ महिने कुलपं. दुसऱ्या टोकाला इस्त्रीवाला. दिंडीतून आत गेलं की डाव्या हाताला शिलाईचं दुकान, त्याची एक खिडकी रस्त्यावर आणि एक चौकात. मग चौक, हौद, हौदाशेजारी वाळणाची दोरी. वरच्या मजल्यावरच्या बायकांना रस्त्यावर काय चाललंय ते शिलाईवाल्या मावशींकडून कळायचं आणि रस्त्याला वाड्यात काय चाललंय तेही त्यांच्याकडूनच. पोस्टमन पत्रं वर घेऊन येतच नसे. ओट्यावर द्यायचा, ती आपोआप वर पोहोचायची.

वाड्यांबद्दल लिहिताना लोक जे गहिवरतात, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी वाड्यातला सकाळचा सहाचा संडास पाहिलेला नसतो. नऊ बिऱ्हाडांत तीन. रांगेत डबा ठेवून लोक दात घासायला जात आणि डब्यांवरून भांडणं होत. उन्हाळ्यात नळाला पाणी खालच्या चौकातच यायचं. ते वर चढवायचं काम आईचं आणि काकूचं. त्या दोघींच्या गुडघ्यांचं पुढे काय झालं ते मला माहीत आहे. पावसात कडीपाटातून माती गळायची. आमच्याकडे गळतीच्या जागा ठरलेल्या होत्या आणि पातेल्यांच्या जागाही. ढेकूण, घुशी, जिन्यातला अंधार. आणि चौक 'सगळ्यांचा' होता असं म्हणताना त्या सगळ्यांत कोण कोण नव्हतं, कोणाला दिंडीच्या बाहेरूनच हाक मारावी लागे, हेही आठवावं लागतं. वाडा पडला याचं मला दुःख झालं नाही. झालं असं कोणी म्हटलं तर आई हसली असती.

वाडे पडले तेही काही एका रात्रीत किंवा एकट्या बिल्डरच्या लोभापायी नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे त्या पाण्याने मातीसारखे विरघळले. ते मातीचेच होते. विटा, माती, चुना आणि सागवान. आमचा उभा राहिला, पण एका बाजूने बसला. त्याला धड करायला पैसे लागत होते आणि ते मालकांकडे नव्हते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली होती. युद्धानंतरच्या टंचाईत तो कायदा आमच्यासारख्यांचं छप्पर होता. पण पन्नास वर्षांनी तेच छप्पर गळायला लागलं, कारण नऊ बिऱ्हाडांच्या भाड्यात कौलं शाकारून घ्यायलाही पैसे पुरत नव्हते. १९९९ च्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. अकरा रुपयांचे चार टक्के म्हणजे चव्वेचाळीस पैसे. मालक एकदा ती चव्वेचाळीस पैशांची पावती आजीच्या फोटोसमोर ठेवून म्हणाले होते, "वहिनी, एवढ्यात एक कौल येत नाही हो." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांचंही घर त्याच वाड्यात होतं आणि तेही गळत होतं.

मग दर मे महिन्यात धोकादायक इमारतीची नोटीस दारावर लागायची आणि श्रावणापर्यंत पावसाने धुऊन जायची. २००६ च्या पावसाळ्यात मागची भिंत खरोखरच आली. कोणाला लागलं नाही. महिन्याभरात आम्ही सगळे पांगलो, आणि पुढची आठ वर्षं ती जागा रिकामी राहिली. मालकांच्या चार वारसांचं जमेना, नऊ भाडेकरूंना किती जागा यावर एकमत होईना, पहिला बिल्डर अर्ध्यावर गेला.

त्या आठ वर्षांत तिथे 'पे अँड पार्क' चालायचं. कोणी परवानगी दिली होती कोण जाणे. गल्लीतल्याच एका माणसाने जोतं सपाट केलं, दोरी बांधली, खुर्ची टाकली आणि पावतीपुस्तक घेऊन बसला. लक्ष्मी रोडला साड्या घ्यायला आलेले लोक आमच्या चौकात गाडी लावून जात. मी एकदा मुद्दाम स्कूटर आमच्या माजघराच्या जागी लावली आणि पाच रुपये दिले. पेठांतून हिंडलात तर अशा जागा आजही दिसतील. दोन इमारतींच्या मध्ये पडलेल्या दातासारखी एक मोकळी फट, शेजारच्या भिंतीवर जुन्या जिन्याची तिरकी खूण, एखादा कोनाडा, निळसर चुन्याचा पट्टा आणि खाली गाड्या. वारस भांडतात, कोर्ट तारखा देतं आणि तोवर जमीन गाड्यांवर पोट भरते. मला वाटायचं, इमारत उभी राहिली की हे संपेल.

संपलं नाही. गाड्यांवर छप्पर आलं, इतकंच.

२०१७ मध्ये ताबा मिळाला. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर, घरात संडास, चोवीस तास पाणी. पहिल्या दिवशी आई नुसती नळ सोडून उभी राहिली होती. या इमारतीबद्दल मी कृतघ्न नाही. गावाच्या मध्यभागी, जिथे शाळा, मंडई, दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर आहे, तिथे जास्त माणसांनी राहावं हे शहाणपणाचंच आहे. नऊ बिऱ्हाडांच्या जागी आज एकवीस आहेत. तीच एकवीस घरं शहराबाहेर टेकडी कापून बांधली असती तर एकवीस मोटारी रोज सिंहगड रोडवर अडकल्या असत्या. जुन्या जागी नवं बांधा, दाट बांधा, हे मला मान्य आहे. माझी तक्रार फक्त खालच्या दहा फुटांबद्दल आहे.

रस्तारुंदीच्या रेषेमुळे इमारत मागे सरली. शेजारचे दोन वाडे अजून जुन्याच रेषेवर आहेत. त्यामुळे रस्ता काही रुंद झाला नाही, आमच्यापुढे फक्त एक खळगा झाला, त्यात स्कूटर लागतात. नियमाप्रमाणे प्रत्येक घराच्या आकारमानानुसार मोटारी-स्कूटरची जागा दाखवल्याशिवाय नकाशा मंजूर होत नाही. २०२० च्या डिसेंबरात मुंबई वगळून जवळजवळ राज्यभर लागू झालेल्या एकत्रित नियमावलीतही पार्किंगचा तक्ता आहेच. एका मोटारीची जागा अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे जवळपास एकशे चौतीस चौरस फूट. वाड्यातली आमची मोठी खोली दहा बाय बारा होती, एकशे वीस चौरस फूट. तीत आम्ही सहा जण झोपायचो. मोटारीला आमच्यापेक्षा ऐसपैस जागा मिळाली आहे, शिवाय तिला आत-बाहेर करायला वाट वेगळी. अरुंद, खोल प्लॉटवर एवढ्या गाड्या बसवल्या की खाली दुसऱ्या कशाला जागा उरत नाही. शिलाईचं दुकान, इस्त्री, छत्रीवाले काका यांना कोणी हुसकलं नाही. नकाशात त्यांच्यासाठी रकानाच नव्हता.

भाचा अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबसला असतो. २०१९ साली त्याच्याकडे महिनाभर राहिलो. शहराचा मध्यभाग बघायला हौसेने गेलो, तर चौकाचौकांत नुसती डांबराची मैदानं, पांढऱ्या रेघा मारलेली, कडेला भाव लिहिलेला फलक. क्षणभर वाटलं, यांचेही वारस भांडतायत की काय! भाचा म्हणाला, इथे कोणी भांडलं नाही, इमारती पाडून मुद्दाम केलंय. साठ-सत्तरच्या दशकांत गाडीसाठी जागा हवी म्हणून अमेरिकेतल्या कित्येक शहरांनी आपली मध्यवस्ती अशी हातानेच विरळ केली. कोलंबसचं जुनं रेल्वे स्टेशनही १९७६ च्या सुमारास पाडलं. त्याची एक कमान तेवढी वाचवून बागेत उभी केली आहे, तिच्यासमोर मी फोटोही काढला. आता तिथे उलटं वारं आहे. भाच्याची इमारतच मुळी अशा एका डांबरी मैदानावर उभी राहिलेली. तिच्या खाली न्हावी, कॉफीचं दुकान, एक वाचनाची खोली. गाड्या मागे, नजरेआड. हमरस्त्याने शहराचे दोन तुकडे केले होते, त्याच्यावरच्या पुलाला २००४ मध्ये दोन्ही बाजूंनी दुकानं बांधून ती फट बुजवली आहे. चालताना खाली हमरस्ता आहे हे कळतही नाही. बफेलो शहराने तर २०१७ मध्ये 'इतक्या घरांना इतक्या गाड्यांची जागा हवीच' हा नियमच काढून टाकला. आम्हाला ताबा मिळाला तेच वर्ष. ते गाड्यांच्या जागी ओटे बांधत होते आणि आम्ही ओटे काढून गाड्या लावत होतो.

हे सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोललो तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचे जोशीकाका म्हणाले, "मग माझी गाडी काय नदीपात्रात लावू?" त्यांचा प्रश्न खोटा नाही. पेठांतल्या शेकडो गाड्या नदीपात्रातच असतात. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की भिडे पुलाच्या आसपास भोंग्यावरून गाड्या काढायला सांगतात आणि अर्धी पेठ पायजम्यावर किल्ल्या घेऊन धावते. पण काकांची गाडी आठवड्यातून एकदा निघते, रविवारी, तीही बॅटरी उतरू नये म्हणून. २०२४ च्या सप्टेंबरात सिव्हिल कोर्टापासून कसबा आणि मंडईवरून स्वारगेटपर्यंत भुयारी मेट्रो सुरू झाली. मंडईचं स्टेशन आमच्यापासून चालत गाठता येतं. पेठेखालून गाडी जायला लागली तरी पेठेतल्या घरासाठी मोटारीची जागा सक्तीची! ज्याला हवी त्याने घ्यावी, पैसे मोजून घ्यावी. सगळ्यांच्या फ्लॅटच्या किमतीत ती मिसळून का द्यायची, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

आईला पार्किंग आवडायचं, हे मात्र इथे सांगायला हवं, नाहीतर माझं म्हणणं एकांगी होईल. चौथ्या मजल्यावर तिला करमत नसे. ती लिफ्टने खाली येऊन प्लास्टिकच्या खुर्चीत बसायची, दोन मोटारींच्या मध्ये, रस्त्याकडे तोंड करून. भाजीवाली थांबायची, शाळेतली पोरं 'आजी' म्हणून हाक मारायची. गाडी आली की वॉचमन म्हणायचा, "आजी, जरा सरका." ती सरकायची, गाडी गेली की परत खुर्ची पुढे. गणपतीच्या दहा दिवसांत सगळ्या गाड्या बाहेर काढून तिथे मखर लागतं, सतरंज्या पडतात, संध्याकाळी आरतीला एकवीस घरांतली माणसं एकमेकांना ओळखतात. कोजागरीचं दूध तिथेच आटतं, बारसंही तिथेच होतं. चौक जणू गाड्यांच्या खाली दबून बसलेला असतो, गाड्या हलल्या की वर येतो. २०२२ मध्ये आई गेली तेव्हा तिलाही खाली पार्किंगमध्येच ठेवलं. जोशीकाकांनी न सांगता आपली गाडी बाहेर काढून रस्त्यावर लावली. फरशीवर तेलाचा डाग होता, त्यावर कोणीतरी आधी चादर अंथरली.

समोरच्या वाड्याला या मे महिन्यात नोटीस लागली आहे. तिथल्या ओट्यावर अजून एक चावीवाला बसतो, पेठेतला हा शेवटचा ओटा नसला तरी आमच्या गल्लीतला शेवटचाच. बिल्डर ठरला आहे, करारनामे फिरतायत. परवा तिथले एक भाडेकरू कागद घेऊन माझ्याकडे आले. आपल्या फ्लॅटचा कारपेट किती, बाल्कनी धरली आहे का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. आम्हीही २०१४ मध्ये तेवढंच पाहिलं होतं. मी त्यांना नकाशांच्या संचातलं पहिलं पान उघडून दाखवलं, तळमजल्याचं. तुमच्याही हातात असे कागद येतील, तेव्हा सही करायच्या आधी ते पान पाहा. रस्त्याकडच्या बाजूला दोन दुकानांचे गाळे आणि बसायला हातभर कट्टा मागा. सगळ्या भाडेकरूंनी मिळून मागितलं तर नकाशा बदलता येतो, मात्र मंजुरीला जायच्या आधी.