घरातले पाप आणि शेजारचे मौन

शेजारच्या घरात नवरा बायकोला मारीत आहे, तिचे विव्हळणे भिंतीपलीकडून ऐकू येत आहे, आणि इकडे माळकरी डोळे मिटून हरिपाठ म्हणत बसला आहे. त्या हरिपाठाचे त्यास काय फळ? भाविक वाचकहो, हा प्रश्न आम्ही आज आपल्यापुढे ठेवीत आहो. अमरावती-अकोल्याकडे उत्तर ठरलेले आहे : "आपल्याले काय कराचं बापा, त्याइच्या घरची गोष्ट हाय." नवराबायकोच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये म्हणतात. पण हे भांडण आहे काय? भांडणात दोघे बोलतात. येथे एक मारतो आणि दुसरी मार खाते. त्यास भांडण म्हणणे हाच पहिला अधर्म होय.

महाभारतात सभापर्वात द्रौपदीची विटंबना चालली असता सारे वडीलधारे खाली मान घालून बसले. तेव्हा विदुराने कश्यपाचा निवाडा सांगितला. सभेत अधर्म घडत असता जे निंद्य कर्माची निंदा करीत नाहीत, त्यांच्याकडे चौथाई पाप जाते, करणाऱ्याकडे चौथाई, आणि जो सभेचा श्रेष्ठ, त्याच्याकडे अर्धे. हा हिशेब नीट पाहावा. करणाऱ्याहून दुप्पट पाप गप्प बसणाऱ्या श्रेष्ठाच्या पदरी! मग गावचा पाटील, सरपंच, दिंडीचा चालक, फडावरचा महाराज, यांनी आपला वाटा किती तो आपणच मोजावा.

कोणी म्हणेल, सोसणे हा तर संतांनी सांगितलेला गुण. खरे आहे. परंतु तितिक्षा म्हणजे साधकाने आपल्या ठायी आपखुशीने धरलेले व्रत. एकाने मारावे आणि दुसरीस तितिक्षा शिकवावी, असे कोणत्या शास्त्रात आहे? क्षमेचेही तसेच. जिला घराबाहेर पाऊल टाकावयास जागा नाही, तिचे सोसणे क्षमा नव्हे, निरुपाय आहे. संत बहिणाबाईंचे उदाहरण देऊन सुनांना सोसावयास सांगतात. बहिणाबाईंना कोल्हापुरास कीर्तनश्रवणाच्या पायी नवऱ्याचा मार बसला, तेव्हा त्या जेमतेम अकरा वर्षांच्या होत्या. पण तो मार त्यांनी झाकून ठेवला नाही. आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत तो स्पष्ट सांगितला आणि कीर्तनही सोडले नाही. म्हणून आज आपणांस तो ठाऊक आहे. जिने सांगितले, तिच्या नावावर दुसरीस गप्प बसविणे हा संतांचा अपमान आहे.

परस्त्रीवरील बळजोरीविषयीही असाच एक भ्रम आहे : ओरडली नाही, म्हणजे तिची संमती असेल. १९७२ साली विदर्भातल्याच देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार केल्याचा खटला दोन पोलिसांवर झाला. अंगावर जखमांच्या खुणा नाहीत, प्रतिकार दिसत नाही, अशा कारणांनी १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांस सोडले. देशभर क्षोभ उसळला, आणि १९८३ साली कायदा बदलावा लागला. भयाने वाचा बसणे म्हणजे होकार नव्हे, हे समजण्यास कायद्याची वाट कशास पाहावी?

दारूचे निमित्तही पुष्कळ सांगतात. गाडगेबाबा आपल्याच शेंडगावचे. बापाच्या दारूने घर कसे बसते हे त्यांनी बाळपणीच भोगले आणि जन्मभर लोकांस दारूपासून परावृत्त केले. दारू सुटलीच पाहिजे. परंतु पिऊन आलेला हा गडी वाटेत सावकाराला मारीत नाही, फौजदाराला मारीत नाही. नेमका घरी येऊन बायकोलाच मारतो. म्हणजे कोणावर हात उचलता येतो एवढी शुद्ध त्यास असते. ती शुद्ध त्यास आपण सर्वांनी मिळून दिली आहे. पोराने बहिणीस चापट मारली की आपण हसतो, तेथून हा धडा सुरू होतो.

तर करावे काय? दार वाजवावे. चार जण मिळून जावे. बाईस "तू काय केलंस?" असे न विचारता "माय, तुला कोठे लागलं?" असे विचारावे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क त्याने दिला आहे. आणि शेजाऱ्यानेही सद्भावाने संरक्षण अधिकाऱ्यास कळविले तर त्यावर कसला खटला होत नाही. १८१ वर महिलांस साहाय्य मिळते, जिवावर बेतले तर ११२. अत्याचार झाला असेल तर अंग-कपडे धुण्यापूर्वी इस्पितळात न्यावे. उपचार फुकट करणे सरकारी व खाजगी दोन्ही इस्पितळांवर बंधनकारक आहे. मूल १८ वर्षांखालील असेल तर पोलिसांस कळविणे आपल्यावरच बंधन आहे. तेथे पंच बसवून पैशाने मिटविणे, किंवा त्याच नराधमाशी लग्न लावणे, हे दुसऱ्यांदा केलेले पाप. आणि दोषी माणूस गळ्यात वीणा घेणारा असला, तर संप्रदायाची अब्रू जाईल म्हणून झाकू नये. झाकल्यानेच ती जाते.

रुक्मिणीमाता आपल्या वऱ्हाडची लेक. कौंडिण्यपूर तिचे माहेर. भावाने नको त्याच्याशी लग्न ठरविले, तेव्हा तिने एका ब्राह्मणाहाती द्वारकेस निरोप धाडला. देव धावून आला, हे आपण कीर्तनात रंगून ऐकतो. पण तो ब्राह्मण "ही त्यांच्या घरची गोष्ट" म्हणून ओसरीवर बसून राहिला असता तर? देव येणारच आहे. निरोप पोचविणारा मात्र शेजारीच असावा लागतो.

रामकृष्णहरि.