घेण्याची पायली, देण्याची पायली

भेदभाव हा शब्द आपल्या जिल्ह्यातील मराठी घरांत वारंवार उच्चारला जातो. मराठी माध्यमाच्या शाळा ओस पडत चालल्या, हा भेदभाव. कचेरीतला अर्ज तेलुगूतच भरून मागतात, हा भेदभाव. आणि उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूर या भागांत आजा-पणजापासून वाहिलेली जमीन नावावर चढत नाही, हा तर सर्वांत मोठा भेदभाव. ही तिन्ही गाऱ्हाणी एका दमात मांडली जातात, जणू ती एकाच कुळातली आहेत. आम्हांला तसे वाटत नाही. पहिली दोन एका जातीची आहेत. तिसरे निराळे आहे, आणि त्याची छाननी व्हावी तशी आपल्या बैठकींतून होत नाही.

जुन्या सावकारीच्या गोष्टींत दोन पायल्या असतात. एकीने धान्य घालायचे, दुसरीने सवाईने परत घ्यायचे, आणि दुसरी बुडाशी जरा अधिक खोल. ऋणकोला ते दिसते, पण बोलता येत नाही. न्यायाच्या बाबतीत समाजही पुष्कळदा अशा दोन पायल्या बाळगतो. त्यात लबाडीच असते असे नाही. आपल्या हातातली पायली आपणांस नेहमी बरोबरच वाटते.

प्रथम कायद्याविषयी. ज्याला सर्वजण 'वन सेव्हंटी' म्हणतात तो मूळचा 1959 चा विनियम. 1963 मध्ये तो तेलंगण भागास लागू झाला आणि 1970 च्या पहिल्या विनियमाने कडक झाला. अनुसूचित क्षेत्रातील जमीन केवळ अनुसूचित जमातीच्या व्यक्तीकडे अथवा अशाच व्यक्तींच्या सहकारी संस्थेकडे हस्तांतरित व्हावी, हे त्याचे सार. बिगर-आदिवासीच्या ताब्यातील जमीन उलट सिद्ध होईपर्यंत आदिवासीकडूनच आलेली मानावी, असे गृहीतकही त्यात आहे. 1988 मध्ये पी. रामी रेड्डी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत अशा निर्बंधाची तरतूद आहे, आणि एकोणिसाव्या अनुच्छेदाच्या पाचव्या खंडात अनुसूचित जमातींच्या हितरक्षणासाठी संचार व निवास यांवरही वाजवी बंधने घालण्यास मुभा आहे.

यावर आपल्याकडील नेहमीचा आक्षेप असा की, माणसामाणसांत जन्मावरून फरक केला की तो भेदभावच, मग तो कोणीही करो. ऐकायला हे तत्त्व निर्मळ वाटते. परंतु हेच तत्त्व घेऊन आपण मुलकीच्या प्रश्नाकडे पाहिले होते काय? निजामी राज्यात 1919 पासून नोकऱ्यांसाठी मुलकी नियम होते. पंधरा वर्षांचे वास्तव्य असेल तो मुलकी, बाकीचे गैरमुलकी. 1952 साली त्यासाठी हैदराबादेत आंदोलन पेटले, 1969 मध्ये सारा तेलंगण पेटला, 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नियम ग्राह्य धरले आणि पुढच्या वर्षी सहा कलमी सूत्राने ते संपुष्टात आले. मुलकीचा दाखला आपल्या कित्येक घरांतील जुन्या पेटाऱ्यांत आजही जपून ठेवलेला सापडेल. किनाऱ्याकडच्या सुशिक्षित आंध्र उमेदवारापुढे आपला मुलगा टिकणार नाही, म्हणून त्याच्यासाठी जागा राखावी, हे तेव्हा आपल्याला भेदभावाचे वाटले नाही. ते न्यायाचे वाटले. 1966 नंतर मुंबईत भूमिपुत्रांचा घोष झाला तेव्हा त्याचे पडसाद पैनगंगेच्या अलीकडेही कौतुकानेच उमटले. दुबळ्याला बलवानापासून राखणारी रेषा राज्याच्या सीमेवर काढली तर ती न्याय्य, आणि तीच रेषा उटनूरच्या डोंगराभोवती काढली तर मात्र अन्याय्य, हे कोणत्या तर्काने?

याला उत्तर मिळते ते असे : आमचे पूर्वज आले तेव्हा इथे मोकळे रान होते. हे वाक्य इतक्या घरांत इतक्या वेळा बोलले गेले आहे की ते इतिहासाचा भाग झाले आहे. म्हणून ते जरा उकलून पाहणे भाग आहे.

राजगोंडांची शेती डोंगरावरील हलक्या जमिनीत फिरती होती. काही वर्षे एक तुकडा वाहायचा, मग तो पडीक ठेवून दुसरीकडे जायचे, जमिनीला दम आला की परतायचे. वऱ्हाडातून किंवा मराठवाड्यातून आलेल्या शेतकऱ्याच्या डोळ्याला तो पडीक तुकडा मोकळा दिसला असेल. गोंडाच्या दृष्टीने तो विसावा घेणारा होता. कागदोपत्री तर गोंड बहुधा नव्हताच. पुष्कळांची वहिवाट शिवाय-जमाबंदीची, सालोसालची; पट्टा नाही. पट्टा मिळवायचा तर उर्दूतला अर्ज, पटवाऱ्याची मर्जी, तहसिलीच्या खेपा. हे सर्व ज्यांना जमत होते त्यांच्या नावे पट्टे झाले. त्यातच राखीव जंगलाच्या रेषा पडल्या आणि पडीक तुकड्यांकडे परतण्याची वाट बंद झाली. 1940 मध्ये जोडेघाटच्या डोंगरात कुमरम भीम पोलिसांच्या गोळीने पडले ते याच कोंडीतून. त्यानंतर निजाम सरकारने ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडून या भागाची पाहणी करवली, आणि त्या दशकात बऱ्याच गोंड कुटुंबांना प्रथमच पट्टे मिळाले. या जमिनींतूनही ती कुटुंबे पुढील तीस वर्षांत कशी हटत गेली, हे हायमेनडॉर्फ यांनी नंतर पुन्हा येऊन लिहून ठेवले आहे. 20 एप्रिल 1981 रोजी इंद्रवेल्लीच्या बाजारच्या दिवशी झालेल्या गोळीबारात सरकारी हिशेबाने 13 आदिवासी मेले. लोकांचा हिशेब त्याहून फार मोठा आहे. तिथेही प्रश्न जमिनीचाच होता.

आपल्या पूर्वजांनी कष्ट केले नाहीत, असे यातून निघत नाही. हिवतापाने घरेच्या घरे बसली, दुष्काळाने हाकललेली माणसे गाडीत जाते आणि पोरे घालून आली. त्यांच्या घामावर कापूस पिकला. पण कष्ट ही एक गोष्ट आणि पहिला हक्क ही दुसरी. शिवाय रान खरोखरच मोकळे होते असे म्हणणाऱ्याने चंद्रपूरचा परकोट एकदा पाहून यावा. तो गोंड राजांचा आहे, आणि ते राज्य 1751 मध्ये नागपूरकर भोसल्यांनी खालसा केले. भोसल्यांच्या पराक्रमाचा अभिमान बाळगणाऱ्या घरात, ज्यांच्यावर तो पराक्रम झाला त्यांचे राज्यच नव्हते असेही सांगितले जाते. दोन्ही एकदम कसे खरे असणार?

आणखी एक गोष्ट आपण सोयीने नजरेआड करतो. 'वन सेव्हंटी'ची रेषा भाषेवरून काढलेलीच नाही. आंध जमातीची मातृभाषा मराठी आहे. गोंडांचे भाट असलेले परधान गोंडी गाथा गातात, पण घरी मराठी बोलतात. ते सर्व या रेषेच्या आत आहेत. उलट किनाऱ्याकडून आलेला तेलुगू व्यापारी आपल्याच बरोबर रेषेच्या बाहेर उभा आहे. तेव्हा या कायद्याला मराठी माणसाविरुद्धचा भेदभाव म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. मराठी शाळांची गोष्ट वेगळी. तिथे घटनेचा 350-अ हा अनुच्छेद आपल्या बाजूने आहे, 1956 मध्ये घातलेला, आणि तो मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. बेळगावच्या मराठी मुलासाठी जे मागायचे ते आदिलाबादच्या मुलासाठीही मागावे. फक्त तेच कलम गोंडी बोलणाऱ्या मुलाचेही आहे. मारलवाईला 1943 मध्ये गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले आणि गोंडीची पहिली पुस्तके देवनागरीत तयार झाली. ऐंशी वर्षे उलटून गेली, गोंडी अजून आठव्या अनुसूचीत नाही, आणि आपल्यांपैकी कित्येकजण तिला अजूनही भाषा म्हणत नाहीत, बोली म्हणतात. तेही जरा हसून.

मग भेदभाव म्हणायचे कशाला? आमच्या मते ज्या वागणुकीत समोरच्याने तोंड उघडण्यापूर्वीच त्याची पायरी ठरलेली असते, तो भेदभाव. त्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण कायद्यात नसून आपल्या सर्वनामांत आहे. पांढऱ्या केसांचा गोंड पटेल दाराशी आला तर आपले पंधरा वर्षांचे पोर त्याला 'काय रे, कशाला आलास' म्हणते, आणि तो त्या पोराला मालक म्हणतो. याविरुद्ध कोणतेही कलम नाही, कोणी तक्रारही करीत नाही. परंतु तहसिलीतला तरुण कारकून आपल्या वडिलांना 'मीरु' न म्हणता 'नुव्वु' म्हणाला, तर महिनाभर घरात तोच विषय असतो. अपमान म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. पायली घरातच आहे; ती फक्त एकाच दिशेने वापरली जाते.

अभिमानाचेही तसेच. चौकात शिवछत्रपतींचा पुतळा बसला की अस्मिता, कुमरम भीमांचा बसला की राजकारण. 'राम राम' म्हणणारी गोंड मुले आता 'जय सेवा' म्हणू लागली, तर त्यात कोणी चिथावले असेल असे आपल्याला वाटते. 'जय महाराष्ट्र' आपल्या तोंडी आपोआप आलेले असते. मारलवाईच्या कनकराजू यांना गुसाडी नृत्यासाठी 2021 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सर्वांनी जिल्ह्याचा मान म्हणून आनंद मानला. नृत्य आपले, पदक आपले. जमिनीचा कायदा तेवढा त्यांचा!

दोन अभिमान मात्र एकाच तोलाचे नसतात, हेही सांगायला हवे. ज्याला शतकभर रानटी म्हटले गेले, त्याने आपले नाव ताठ मानेने घेणे ही जखमेवरची खपली आहे. ज्याला उभे राहण्यासाठी पायाखाली कोणीतरी लागते, तो अभिमान निराळा. याचा अर्थ आदिवासींचा अभिमान नेहमीच निर्दोष असतो असाही नाही. 2017 मध्ये आदिवासी आणि लंबाडा यांच्यातला वाद विकोपाला गेला. त्याचे मूळ खरे होते : 1976 च्या कायद्यानंतर तेलंगणात लंबाडा अनुसूचित जमातीत आले, शेजारी महाराष्ट्रात ते तसे नाहीत, आणि सवलतींचा मोठा वाटा त्यांच्याकडे जातो अशी आदिवासींची तक्रार होती. त्या तक्रारीचा निवाडा कायद्याने व्हावा. परंतु त्या दिवसांत लंबाडा शिक्षकांना शाळेत पाऊल टाकू दिले गेले नाही, तेव्हा तो निखळ भेदभावच होता. शिक्षक कसा शिकवतो हे कोणी विचारले नाही. त्याचा तांडा विचारला.

1895 च्या सुमारास दरबानच्या टपाल कचेरीला दोन दारे होती, एक गोऱ्यांसाठी आणि एक बाकी सर्वांसाठी. तरुण बॅरिस्टर गांधींनी तेथील हिंदी लोकांच्या वतीने तक्रार केली, आणि हिंदी लोकांना तिसरे दार मिळाले. काफिरांच्या दाराने जावे लागते, हे त्या व्यापारी मंडळींचे शल्य होते. दारे वेगळी का, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नाही. गांधी पुढे फार दूर गेले. आपल्या बैठकींतून होणारे ठराव ऐकले की आम्हांला ते तिसरे दार आठवते.

आता दुसरी बाजू, कारण तीही खोटी नाही. 'वन सेव्हंटी'पुढे सावकाराचा नातू आणि 1972 च्या दुष्काळात आलेला भूमिहीन मजूर एकाच रांगेत उभे आहेत. पहिल्याने शहरात घर केले आहे. दुसऱ्याकडे तीन एकर आहेत, पट्टा नाही, म्हणून बँकेचे कर्ज नाही, पीक बुडाले तर भरपाई नाही. त्याच्या बाबतीत कायदा बोथट आहे आणि तो बोथटपणा सुधारावा, अशी मागणी करण्यात गैर काही नाही. मात्र ती त्या मजुराच्या नावाने करताना नातवाचा सातबारा तिच्या पोटात दडवू नये.

आणि वनहक्क कायदा. 2006 च्या या कायद्याप्रमाणे आदिवासीने 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवला की पुरे. इतरांनी त्या तारखेपूर्वी तीन पिढ्यांचे, पिढी पंचवीस वर्षांची धरून, म्हणजे साधारण 1930 पासूनचे वास्तव्य सिद्ध करायचे. चार पिढ्यांचा अभिमान सांगणाऱ्या कितीतरी घरांत 1930 चा एकही कागद निघत नाही. साऱ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट कागदाविना खोटी ठरते, हा अनुभव आपल्यांतील गरिबाला आता येतो आहे. गोंडाला तो निजामी तहसिलीत आला होता.

या कायद्याच्या 2008 च्या नियमांत एक वाट ठेवलेली आहे. दावेदाराखेरीज गावातल्या अन्य वृद्धांचे लेखी जबाब पुरावा म्हणून चालतात. उटनूरच्या डोंगरपट्ट्यात असा वृद्ध बहुतेक गोंड किंवा कोलामच असणार. बापाकडून ऐकलेले तो ग्रामसभेत सांगू शकेल : तुमचे आजोबा कोणत्या साली आले, पहिली झोपडी कुठे घातली, बैल कोणाचे मागून आणले. आणि ते शेत त्यापूर्वी कोण वाहत होते, हेही त्याला त्याच बापाकडून कळलेले असेल.