पोकळ अक्षरें

प्राणहिता जेथें गोदावरीस मिळते, त्या सिरोंचा परिसरांत अनेक घरांतील बोली तेलुगु आणि शाळेंतील भाषा मराठी. ओळखीच्या शब्दावरून अंदाजानें अक्षर लावण्याची सोय तेथील मुलास नसते. बाळबोध अक्षर त्यास डोळ्यांनींच ओळखावें लागतें. असा वाचक समोर ठेवून आम्हांस एका लहानशा प्रश्नाचा विचार करावयाचा आहे: नुसत्या बाह्यरेषेनें काढलेलीं, आंतून कोरीं, अशीं नटवीं अक्षरें योजणें कितपत योग्य?

लग्नपत्रिका, नाटकाची जाहिरात, दुकानाची पाटी यांवर हीं अक्षरें आपण पाहतोंच. कित्येक गंभीर वृत्तीचे लोक त्यांस नाक मुरडतात. जें पोकळ तें खोटें, असा त्यांचा दंडक. जावजी दादाजींनीं १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला व त्याच्या सुबक, भरीव ठशांनीं मराठी वाचकांच्या डोळ्यांस वळण लावलें. त्या वळणापुढें असला नखरा पोरकट वाटावा, हें स्वाभाविक आहे.

परंतु हा दंडक आम्हांस मान्य नाहीं. पंतोजीच्या शाळेंत मूल धूळपाटीवर जें अक्षर गिरवी, तें धुळींतील एक पोकळ चरच होतें. आजही पोकळ अक्षर दिसलें कीं मूल रंगखडू घेऊन तें भरावयास बसतें. उलट, मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेच्या ‘मोदक’ नांवाच्या टंकांत अक्षरांचें अंग इतकें फुगविलें आहे, कीं आंतील मोकळी जागा केवळ रेषेपुरती उरते. तोही खेळच, आणि गोड खेळ. असा खेळ शहरानें भोगावा व सिरोंच्याच्या वाट्यास मात्र रुक्ष सरकारी वळण यावें, असें म्हणणें कृपणपणाचें होईल.

मग दोष कोठें? तो प्रसंगाच्या निवडींत. व आणि ब, प आणि ष यांतील भेद एका तिरप्या रेषेचा. बाह्यरेषेच्या अक्षरांत एकेका रेषेच्या दोन होतात; आकार लहान झाला कीं कोणती मोकळीक अक्षराच्या अंगांतली व कोणती बाहेरची, हें कळेनासें होतें. अनुस्वाराचें तर शून्यच होतें. सराईत वाचक वाक्याच्या ओघानें ही उणीव भरून काढतो. नवशिक्यापाशीं तें भांडवल नसतें.

२०२२ च्या जुलैंत या नद्यांस महापूर येऊन सिरोंचा तालुक्यांतील गांवांत पाणी शिरलें. अशा वेळीं ‘पात्रांत उतरूं नये’ ही सूचना कोणास अडखळत वाचावी लागली, तर त्या शोभेची किंमत लिहिणारा देत नाहीं, वाचणारा देतो. दुसऱ्याच्या पदरचें खर्चून केलेली हौस ही हौस राहत नाहीं, अन्याय होतो.

म्हणून जत्रा, लग्न, नाटक येथें अक्षरानें खुशाल नटावें. औषध, पूर, कायदा येथें साधें राहावें. शंका आल्यास एक उपाय सोपा आहे. पाटी टांगण्यापूर्वीं ती दुसरींतल्या मुलाकडून वाचवून घ्यावी, आणि तें अडखळलें तर त्यास न रागावतां पाटी पुन्हां रंगवावी.