नक्कल आणि मोजदाद

उल्हासनगरात राहणाऱ्याला नक्कल या शब्दाचे नवल नाही. नववीच्या वर्गाला मी क्लोनिंग समजावत होते, तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "मिस, यानी अपने कॅम्प का माल!" वर्ग हसला, मीही हसले. मग मी नूरीची गोष्ट सांगितली. ९ मार्च २०१२ रोजी काश्मीरच्या कृषी विद्यापीठात जन्मलेली ती पश्मिना शेळी दुसऱ्या एका शेळीची हुबेहूब नक्कल होती. नाव ऐकून मुली खूश झाल्या. एकीने विचारले, "मिस, पहले कितनी मरीं?"

मला उत्तर ठाऊक नव्हते. घरी येऊन वाचले. स्कॉटलंडमध्ये १९९६ साली डॉली मेंढी जन्मली, तेव्हा २७७ बीजांडांवर प्रयोग झाला होता. त्यातून २९ भ्रूण मिळाले, ते १३ मेंढ्यांच्या पोटात ठेवले. कोकरू एकच जगले. आपल्याकडे करनालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत ६ फेब्रुवारी २००९ रोजी जन्मलेले म्हशीचे पारडू काही दिवसांतच गेले.

असे का होते? पेशी घेतात ती बहुधा कातडीची. तिच्यात सगळी जनुके असतात, पण कातडीला नको असलेली मिटलेली असतात. बीजांडात गेल्यावर तिने आपले जुने काम विसरून पहिल्यापासून सुरुवात करायची असते. ते पुरते साधत नाही. काही जनुके मिटलेलीच राहतात, काही नको तेव्हा चालू राहतात. वार नीट तयार होत नाही, आणि जनावर गाभडते.

'खुदाच्या कामात दखल' असे आमच्या स्टाफरूममध्ये कुणी म्हणाले. मला ते पटत नाही. पेशीही त्याचीच, बीजांडही त्याचेच. माणसाने नवे काही घडवलेले नाही. माझा प्रश्न हिशेबाचा आहे.

माझ्या अम्मीला कुणी विचारले, मुले किती, तर ती "पाच" म्हणते. आम्ही भावंडे तीनच. दोन पोटातच गेली. लहानपणी मला अम्मी गणितात कच्ची वाटायची. आता वाटते, तिचाच हिशेब पुरा होता. म्हशीला, मेंढीला असे सांगता येत नाही. शास्त्रज्ञांनी डॉलीचे आकडे लपवले नाहीत. आपणच एका कोकराचा फोटो पाहून पान उलटले.

कुणी म्हणेल, बकरी ईदला कुर्बानी करणाऱ्यांनी हे बोलावे का? बोलावे. जनावराला आधी पाणी पाजा, त्याच्यासमोर सुरीला धार लावू नका, असे अब्बा बजावत. जनावर कामी आणायची मुभा आहे, पण त्याच्या वेदनेचा हिशेब माफ नाही. चांगल्या दुधासाठी, दुर्मिळ जात वाचवण्यासाठी हे काम कदाचित करावेही लागेल. मात्र किती गाभ गेले, किती माद्यांनी सोसले, हे सांगूनच ते करावे. तो आकडा सांगायची लाज वाटत असेल, तर काम थांबवून पुन्हा विचार करावा.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर लिहिले : डॉली, १. आणि त्याच्याच खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात : २७७.