कॅरमला खेळ म्हणावे काय?

प्रताप शेठजींनी 1916 साली आमच्या अमळनेरात तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. त्याचा अंमल अजून गावच्या हवेत असावा, असा माझा संशय आहे. नाहीतर बँकेच्या वार्षिक क्रीडास्पर्धांच्या बैठकीत, तेही चहा येण्यापूर्वी, 'खेळ म्हणावे तरी कशाला?' असा प्रश्न निघायचे काही कारण नव्हते.

तो काढला आमच्या बुद्धिबळपटू साहेबांनी. यादीत 'कॅरम' दिसताच त्यांनी चष्मा उतरवला. (साहेबांनी चष्मा उतरवला की कर्ज नामंजूर, हे सगळ्या शाखेला ठाऊक आहे.) "अहो, कॅरम काय स्पर्धेत घेता? घरोघरी पोरंटोरं खेळतात तो!"

झाले! कॅरम गेला, आणि त्याच्याबरोबर आमच्या शिपायाचे नाशिकला जाणेही गेले. शाखेत कॅरमला त्याच्या तोडीचा कोणी नाही. टेबल टेनिसची बॅट मात्र तो दरवर्षी कपाटातून काढून देतो आणि पुन्हा ठेवतो, एवढाच त्याचा त्या खेळाशी संबंध.

रात्री मला झोप येईना. मी पडलो बी. कॉम.; तत्त्वचिंतन आमच्या अभ्यासक्रमात नव्हते. म्हणून मी आपला जमाखर्च मांडला. जमेला: कॅरम पाच मिनिटांत येतो. नावे: कॅरम पाच मिनिटांत येतो. ताळेबंद जुळला, पण प्रश्न सुटेना.

नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या, एक राणी. 25 गुण किंवा आठ बोर्ड. नियम एवढेच. पण 1988 पासून या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. चेन्नईचे मारिया इरुदयम दोनदा जगज्जेते झाले आणि 1996 चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. आपल्या मुंबईचा प्रशांत मोरे 2016 साली बर्मिंगहॅमला जगज्जेता झाला. अशा माणसासमोर बसलात, तर तो पहिल्याच पाळीत राणीसकट सगळा बोर्ड साफ करू शकतो. आपण नुसते बोटाला पावडर लावून तयार! बुद्धिबळात निदान हरायच्या आधी चार घोडे तरी नाचवता येतात. उंबरा ठेंगणा आहे म्हणून घराला माडी नाही, असे कसे म्हणावे?

साहेबांचे अगदीच चुकते असेही नाही. घरगुती कॅरमला कायदा म्हणून नसतो. अंगठ्याने मारलेले चालते की नाही, यावरून आमच्या दोन काकांचे वर्षभर बोलणे बंद होते. (आंतरराष्ट्रीय नियमांत चालते. काकांना हे फार उशिरा कळले.) शिवाय ल्यूडोही सर्वांना येतो, पण तिथे जिंकतो तो फासा. तेव्हा मी एक कसोटी ठरवली. त्याच दोघांनी शंभर डाव खेळावेत. पुन्हा पुन्हा तोच जिंकला तर ती स्पर्धा. कॅरम या कसोटीला उतरतो. शिपायाशी मी ओळीने अकरा बोर्ड हरलो आहे. उरलेले एकोणनव्वद खेळायची गरज वाटली नाही.

माझा भाचा सांगतो की, व्हिडिओ गेमवाल्यांतही हेच भांडण आहे. 'स्ट्रीट फायटर 6' हा मारामारीचा खेळ 2023 मध्ये आला. त्यात अवघड फटका एका बटणावर मारायची सोय आहे, पण अशा फटक्याचा मार थोडा कमी धरतात. म्हणजे सोयीचे कमिशन कापून घेतात, अगदी आमच्यासारखे! तरी ज्यांनी वर्षानुवर्षे बोटे झिजवून तो फटका कमावला, त्यातले काहीजण म्हणतात, "हा काय खेळ?" त्यांचे दुःख मला कळते. हाताने व्याज काढायला शिकलेल्या आमच्या पिढीला संगणक आला तेव्हा असेच झाले होते.

पण साहेबांचे दुखणे निराळे असावे, असे मला वाटते. अवघड खेळात हरलो तर 'अभ्यास कमी पडला' म्हणता येते. पोरंटोरं खेळतात त्या खेळात हरलो, तर काय म्हणायचे?

हे कळायला फार दिवस लागले नाहीत. एका दुपारी वीज गेली, संगणक बंद पडले. शिपाई म्हणाला, "साहेब, एक बोर्ड खेयी तं देखा!" साहेब हसत बसले. पंचवीस-शून्य झाले तेव्हा हसत नव्हते. बोर्ड एका बाजूला उतरता आहे, असे त्यांचे निदान पडले. शिपायाने निमूटपणे जुन्या स्लिपांची घडी बोर्डाखाली सारली. पुन्हा पंचवीस-शून्य.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतःचा स्ट्रायकर घेऊन आले. यादी मात्र त्याआधीच, त्यांच्याच सहीने, नाशिकला गेली होती.